निर्वासित कायदा वर्गात शिकवताना: अभिरूप सुनावणी कशी उभी करावी

‘परवा रात्री शिपाई घरी आले.’ आश्रय मागणाऱ्या माणसाच्या या वाक्यातला ‘परवा’ इंग्रजीत कसा न्यायचा? दोन दिवसांपूर्वी, की नुकतेच, गेल्या काही दिवसांत कधीतरी? दुभाषा पहिला अर्थ घेतो आणि अधिकारी त्यावरून तारीख मांडतो. तीच घटना दुसऱ्या कागदावर वेगळ्या तारखेने लिहिलेली सापडली की फाइलवर ‘दाव्यात विसंगती’ असा शेरा पडतो. एका शब्दामुळे माणूस पुन्हा त्याच शिपायांच्या हाती जाऊ शकतो. कलमे आणि निवाडे पाठ करून हे कळत नाही. ते कळण्यासाठी विद्यार्थ्याला एकदा त्या खुर्चीत बसावे लागते.

विधी महाविद्यालयांत मूट कोर्ट, म्हणजे काल्पनिक खटल्यावरचा सरावाचा युक्तिवाद, नवे नाही. पण नेहमीच्या मूटचा साचा इथे कामाचा नाही. मूटमध्ये तथ्ये ठरलेली असतात आणि वाद कायद्याच्या अर्थावर होतो. निर्वासित दाव्यात कायदा एका परिच्छेदात मावतो, खरी लढाई तथ्यांवर असते, आणि तथ्यांचा मुख्य साक्षीदार बहुधा एकच असतो, तो म्हणजे अर्जदार स्वतः. शिवाय प्रश्न भविष्याबद्दलचा असतो: हा माणूस परत गेला तर काय होईल? म्हणून वर्गात आधी मुलाखतवजा सुनावणी उभी करावी आणि उच्च न्यायालयातला युक्तिवाद त्यानंतर ठेवावा.

आधी व्याख्या

मराठीत ‘निर्वासित’ हा शब्द आपण सैल वापरतो. फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावण्यांत आलेले आणि पुढे उल्हासनगर वसवणारे सिंधी निर्वासितच म्हटले गेले. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिलेले पोलिश लोक, गोंदिया जिल्ह्यातल्या नोर्ग्येलिंग वसाहतीतले तिबेटी यांनाही आपण हाच शब्द लावतो. कोयनेच्या धरणात गाव गेलेल्यांना विस्थापित म्हणतो. कायद्याच्या नजरेत हे चार वेगळे प्रश्न आहेत. धरणग्रस्तांनी सीमा ओलांडलेली नाही. सिंधी ज्या देशात आले त्याचे नागरिकत्व त्यांना मिळाले. पहिल्याच तासाला हे चार गट फळ्यावर लिहून प्रत्येकाला व्याख्या लावून पाहायला सांगावे. त्यात चाळीस मिनिटे जातात, पण पुढचा बराच गोंधळ वाचतो.

ही व्याख्या १९५१ च्या निर्वासितविषयक करारातली आहे. मुळात ती १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरती होती. ती कालमर्यादा १९६७ च्या प्रोटोकॉलने काढली. व्याख्येचे तुकडे असे: माणूस स्वदेशाबाहेर असला पाहिजे, त्याला छळाची रास्त भीती असली पाहिजे, तो छळ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एका कारणाने होणारा असला पाहिजे, आणि स्वदेशाचे संरक्षण त्याला मिळत नसले पाहिजे, किंवा भीतीमुळे ते घ्यायला तो तयार नसला पाहिजे. याशिवाय करारात वगळणुकीचे कलम आहे. युद्धगुन्हा किंवा मानवतेविरुद्धचा गुन्हा केल्याचे मानायला गंभीर कारणे असतील तर भीती खरी असूनही संरक्षण मिळत नाही.

भारताने या करारावर किंवा प्रोटोकॉलवर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी देशांतर्गत वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ यांची व्यवस्था सरकार थेट पाहते. म्यानमार, अफगाणिस्तान अशा देशांतून आलेल्यांचे दावे संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, यूएनएचसीआर, दिल्लीत तपासते. कायद्याच्या भाषेत हे सगळे ‘परकीय नागरिक’. पूर्वी त्यांना १९४६ चा परकीय नागरिक कायदा लागू होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०२५ चा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा आला आहे. म्हणून भारतातल्या वर्गासाठी दोन टप्प्यांचा सराव योग्य: पहिला यूएनएचसीआरसमोरच्या मुलाखतीचा, दुसरा हद्दपारीविरुद्धच्या रिट याचिकेचा, म्हणजे सरकारी आदेशाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेल्या अर्जाचा. एकच अर्जदार, एकच फाइल.

फाइल कशी बनवावी

देश खरा घ्यावा आणि माणूस काल्पनिक. देशही काल्पनिक घेतला तर त्या देशातल्या परिस्थितीचा शोध घेण्याचे अर्धे शिक्षण वाया जाते. उलट, खऱ्या माणसाची फाइल नावे खोडूनही वापरू नये. गाव, तारीख आणि घटना एकत्र आल्या की ओळख पटते, आणि तिकडे राहिलेल्या घरच्यांना त्याची किंमत मोजावी लागू शकते.

चांगले काम देणारे एक उदाहरण असे. अर्जदार म्यानमारच्या चिन प्रांतातला, वय २२, धर्माने ख्रिश्चन. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली. १० फेब्रुवारी २०२४ ला सक्तीच्या लष्करभरतीचा जुना, २०१० चा कायदा अमलात आणल्याचे जाहीर झाले. सर्वसाधारणपणे १८ ते ३५ वयाचे पुरुष आणि १८ ते २७ वयाच्या स्त्रिया त्याखाली येतात. अर्जदाराला बोलावणे आले, तो टियाउ नदी ओलांडून मिझोराममध्ये झोखावथारला उतरला आणि पुढे दिल्लीला आला.

फाइलमध्ये दोन पानांचा नोंदणी अर्ज, तीन पानांचे लेखी निवेदन, भरतीपत्राचा मोबाइलवर काढलेला अंधुक फोटो, चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला आणि देशाच्या परिस्थितीवरचे जास्तीत जास्त पंधरा पानांचे उतारे असावेत. त्याहून जाड फाइल कोणी वाचत नाही. सोबत एक बंद पाकीट फक्त अर्जदाराची भूमिका करणाऱ्याला द्यावे. त्यात प्रत्यक्ष काय घडले ते असते. इतरांना ते शेवटपर्यंत दाखवू नये.

फाइलमध्ये तीन विसंगती जाणूनबुजून पेराव्यात, आणि तिन्हींचे वजन वेगवेगळे असावे. पहिली क्षुल्लक: अर्जातली आणि निवेदनातली तारीख नऊ दिवसांनी वेगळी. दुसरी गंभीर दिसणारी, पण उलगडणारी: दाखल्यावरचे नाव अर्जातल्या नावापेक्षा वेगळे. म्यानमारमध्ये आडनावाची रीत नाही, त्यामुळे आपल्या फॉर्ममधला ‘आडनाव’ हा रकाना कोणीतरी काहीतरी घालून भरतो. तिसरी खरोखर महत्त्वाची: निवेदनात ‘मी कोणत्याही गटात नव्हतो’ असे आहे, पण पाकिटात लिहिले आहे की त्याने दोन महिने स्थानिक सशस्त्र गटासाठी तांदूळ वाहिला आणि एकदा काडतुसांची पेटी नेली. विद्यार्थी बहुतेक वेळा पहिल्या विसंगतीवर तुटून पडतात आणि तिसरीपर्यंत पोचतच नाहीत. सरावानंतर चर्चा इथूनच सुरू करावी.

भूमिका आणि दुभाषा

आठ-आठ जणांचे गट करावेत. एक अर्जदार, एक दुभाषा, दोन अर्जदाराचे प्रतिनिधी, एक मुलाखत घेणारा अधिकारी, एक निर्णयाचा फेरतपास करणारा अधिकारी, एक नोंदणारा आणि एक निरीक्षक. सरकारी वकील पहिल्या टप्प्यात नसतो. विद्यार्थ्यांना तो हवाच असतो, कारण उलटतपासणी केल्याशिवाय खटला झाल्यासारखे त्यांना वाटत नाही. पण यूएनएचसीआरच्या मुलाखतीत विरुद्ध पक्ष नसतो. प्रतिनिधीही अधूनमधून हरकती घेत नाही, शेवटी आपले म्हणणे मांडतो. कॅनडाच्या निर्वासित न्यायमंडळातही साधारणपणे मंडळाचा सदस्य आधी प्रश्न विचारतो आणि अर्जदाराचा वकील नंतर. अमेरिकेतल्या इमिग्रेशन न्यायालयात मात्र सरकारचा वकील समोर असतो. या तीन पद्धतींतला फरक एकदा सांगावा, पण सराव पहिल्या पद्धतीनेच करावा.

दुभाष्याची भूमिका सगळ्यात हलकी समजली जाते. प्रत्यक्षात ती सर्वांत जड असते. चिन भाषा अनेक आहेत, आणि एका खोऱ्यातली बोली दुसऱ्या खोऱ्यात कळेलच असे नाही. वर्गात चिन बोलणारा मिळणार नाही, म्हणून ही अडचण आपल्या बोलींतून उभी करावी. अर्जदार मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडीत बोलेल, अधिकारी फक्त इंग्रजी ऐकेल आणि इंग्रजीतच विचारेल. बोली घरात बोलली जाणारीच हवी. नाटकातली उसनी बोली आणली की सगळे हसण्यावारी जाते.

मग काय काय सांडते ते पाहावे. ‘भाऊ’ म्हणजे सख्खा की चुलत? दुभाषा दोघांसाठी ‘ब्रदर’ हा एकच शब्द देतो आणि दुसऱ्या दिवशी ‘काल तुम्ही दोन भाऊ सांगितले होते’ असा प्रश्न येतो. काका आणि मामा इंग्रजीत एकच होतात, आणि ज्या मामाला पकडून नेले तो, काका घरी बसलेला असल्यामुळे, सुटल्यासारखा दिसतो. ‘पोरं आली होती’ यातली पोरे कोणती, गावातली की बंदूकवाली? दुभाष्यासाठी नियम कडक ठेवावेत: प्रथमपुरुषातच बोलायचे, ‘तो म्हणतो की’ चालणार नाही. गाळायचे नाही, जोडायचे नाही. दोन अर्थ निघत असतील तर थांबून तसे अधिकाऱ्याला सांगायचे. अर्जदाराची दया येऊन त्याचे उत्तर नीटनेटके करून देणारा दुभाषा त्याचे नुकसानच करतो, कारण पुढच्या वेळी तोच अर्जदार आपल्या मूळ, तुटक शब्दांत बोलतो आणि दोन जबाब जुळत नाहीत.

मुलाखतीचे नव्वद मिनिट

पहिली पाच मिनिटे ओळख आणि हमीची: इथे बोललेले तुमच्या देशाच्या सरकारकडे जाणार नाही, दुभाष्याची भाषा समजते का, मध्ये थांबायचे असल्यास सांगा. ही वाक्ये घाईने उरकली तर पुढची पंच्याऐंशी मिनिटे बिघडतात. नंतर वीस मिनिटे अर्जदाराला न अडवता बोलू द्यावे. विद्यार्थी-अधिकाऱ्याला हे फार अवघड जाते आणि तो चौथ्याच मिनिटाला तारीख विचारतो. मग खुले प्रश्न: ‘मग काय झालं?’, ‘तिथे अजून कोण होतं?’, ‘ते पत्र कुणी आणून दिलं, ते सांगा.’ त्यानंतर बारकावे आणि सर्वांत शेवटी विसंगती.

विसंगती दिसली तर ती अर्जदारासमोर ठेवावी आणि उत्तर द्यायची संधी द्यावी. जी गोष्ट त्याला विचारली नाही ती निर्णयात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. सरावात सर्वाधिक होणारी चूक हीच आहे. विद्यार्थी-अधिकारी विसंगती टिपतो, मनात सुखावतो, काही बोलत नाही आणि निर्णयात बाहेर काढतो. असा निर्णय कितीही सुंदर लिहिलेला असला तरी परत पाठवावा.

चेहऱ्यावरून खरे-खोटे ओळखण्याची सवयही इथेच मोडावी लागते. छळ सोसलेला माणूस कधी सपाट आवाजात बोलतो, कधी हसतो, तारखा विसरतो आणि एखाद्या दरवाजाचा रंग मात्र अचूक सांगतो. ‘तो डोळ्याला डोळा भिडवत नव्हता’ हे वाक्य निर्णयात दिसले की गुण कापावेत. अर्जदार करणाऱ्यालाही आधीच बजावावे की रडायचे नाही. अभिनय चांगला झाला की दावा मान्य होतो आणि वर्ग चुकीचा धडा शिकतो.

किती पुरावा पुरेसा

फौजदारी कायदा शिकून आलेला विद्यार्थी ‘निःसंशय सिद्ध झाले नाही’ असे लिहितो, दिवाणी शिकून आलेला ‘शक्यतेचे पारडे’ शोधतो. निर्वासित दाव्यात दोन्ही मापे चुकतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कार्डोझा-फोन्सेका प्रकरणात सांगितले की मारले जाण्याची किंवा छळाची शक्यता दहा टक्केच असली, तरी तेवढ्यावरून भीती रास्त नाही असे म्हणता येत नाही. वर्गात याचा सराव सोपा आहे. सुनावणीनंतर प्रत्येकाने चिठ्ठीवर टक्का लिहावा: हा परत गेला तर त्याला पकडले जाण्याची शक्यता किती? मग निर्णय विचारावा. पस्तीस टक्के लिहून दावा फेटाळणारे निघतात. त्यांच्याशी बोलताना कायद्याचे माप पहिल्यांदा खरे वाटू लागते.

‘संशयाचा फायदा’ हा शब्दही इथे वेगळ्या अर्थाने येतो. आरोपीला तो आपोआप मिळतो, अर्जदाराला नाही. यूएनएचसीआरच्या मार्गदर्शक हँडबुकप्रमाणे, मिळू शकणारा पुरावा गोळा करून तपासला गेला असेल, अर्जदार एकंदरीत विश्वासार्ह वाटत असेल आणि त्याचे म्हणणे सुसंगत व सर्वज्ञात गोष्टींच्या विरुद्ध नसेल, तेव्हा तो द्यायचा. त्याच हँडबुकमध्ये असेही आहे की सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असला तरी तथ्ये शोधण्याचे काम दोघांनी वाटून घ्यायचे असते. म्हणजे ‘अर्जदाराने कागद आणला नाही’ एवढ्यावर अधिकारी सुटत नाही.

देशाच्या परिस्थितीचा पुरावा गोळा करताना एक सापळा असतो. पाच अहवाल एकच गोष्ट सांगतात म्हणून विद्यार्थी खूश होतात, आणि मागे जाऊन पाहिले तर पाचही अहवालांनी एकाच बातमीचा हवाला दिलेला असतो. प्रत्येक विधानामागे दोन स्वतंत्र स्रोत आणि त्यांची तारीख असा नियम ठेवावा. निर्णयाच्या दिवशीची परिस्थिती पाहायची असते, पळून आल्याच्या दिवशीची नव्हे.

निर्णय लिहिताना

निर्णय बाराशे शब्दांत आणि याच क्रमाने लिहावा: कोणती तथ्ये मान्य, परत गेल्यास काय होईल, तो छळ ठरतो का, पाचांपैकी कोणत्या कारणाने, सरकारचे संरक्षण किंवा देशात इतरत्र सुरक्षित जागा आहे का, वगळणूक लागू होते का. क्रम मोडला की गोंधळ होतो.

आपल्या उदाहरणात खरी कसोटी कारणाच्या पायरीवर लागते. भरती सगळ्यांनाच आहे, मग हा छळ कसा? नुसती सक्तीची भरती छळ ठरत नाही, हे मान्य करूनच पुढे जावे. पण ज्या लष्करी कारवाईचा आंतरराष्ट्रीय समुदायाने मूलभूत मानवी आचाराच्या विरुद्ध म्हणून निषेध केला आहे, तीत लढायला नकार दिल्याची शिक्षा छळ मानता येते, असे हँडबुक सांगते. शिवाय चिन तरुण पळाला म्हणजे तो विरोधकच, असे सत्तेने मानले तर ते ‘लादलेले राजकीय मत’ होते. त्याचे खरे मत काहीही असो, सत्तेला काय वाटते ते इथे मोजायचे. ‘रंगूनला का गेला नाही?’ या प्रश्नाचे उत्तरही याच परिस्थितीत आहे: छळणारे सरकारच असेल तर त्याचा हात देशभर पोचतो, आणि तिथे रात्री मुक्कामाला आलेल्या पाहुण्याची नोंद स्थानिक प्रशासनाकडे करावी लागते.

काडतुसांची पेटी बाहेर आली की वगळणुकीचा विचार करावाच लागतो. मात्र विद्यार्थी इथे घाबरून दार धाडकन लावतात. कलमाला विशिष्ट गुन्हा आणि त्यातला या माणसाचा वैयक्तिक वाटा लागतो. सशस्त्र गटाशी संबंध एवढे पुरत नाही.

दुसरा टप्पा: उच्च न्यायालय

आता समजा अर्जदाराला हद्दपारीचा आदेश आला. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली पाच पानांची रिट याचिका, सरकारचे तेवढेच प्रतिज्ञापत्र, दोघांना पंधरा-पंधरा मिनिटे. इथे उलटतपासणी नाही, पण विरुद्ध पक्ष आहे.

सरकारच्या बाजूने भक्कम निवाडे आहेत आणि ते विद्यार्थ्यांनी जीव तोडून मांडले पाहिजेत: १९५५ चा हान्स म्युलर, १९९१ चा लुई डी रेड्ट (दोन्हींत परकीयांना देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार मान्य झाला), आणि ८ एप्रिल २०२१ चा मोहम्मद सलीमुल्ला प्रकरणातला आदेश. त्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४ (समानता) आणि २१ (जीवित व स्वातंत्र्य) सर्व व्यक्तींना लागू असल्याचे म्हटले, पण हद्दपार न होण्याचा हक्क अनुच्छेद १९ मधल्या वास्तव्याच्या हक्काशी जोडला आणि तो नागरिकांपुरता ठेवला. मात्र विहित प्रक्रिया पाळल्याशिवाय हद्दपारी नको, असेही बजावले. अर्जदाराच्या बाजूने अरुणाचलातल्या चकमांना संरक्षण देणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निवाडा, १९९८ चा गुजरात उच्च न्यायालयाचा क्ताएर अब्बास, २०१५ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा डोंग लियान खाम आणि मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने नंदिता हक्सर यांच्या याचिकेवर दिलेला आदेश. या शेवटच्या प्रकरणात म्यानमारहून आलेल्या सात जणांना यूएनएचसीआरकडे जाण्यासाठी दिल्लीपर्यंत सुरक्षित प्रवास मिळाला.

याचिका दोन ठिकाणी घसरते. एक, १९५१ चा करार भारतावर बंधनकारक असल्यासारखा मांडणे. तो धागा अनुच्छेद २१ मधून ओवावा लागतो. दोन, ‘निर्वासित दर्जा द्यावा’ अशी विनंती. तो द्यायला न्यायालयापुढे कायदाच नाही. मागायचे ते असे: हद्दपारीला स्थगिती, यूएनएचसीआरपर्यंत पोचू देणे, आणि आदेशापूर्वी सुनावणी.

वेळ, गुण आणि जपणूक

सहा आठवडे, आठवड्याला दोन तास धरावेत. व्याख्येला एक आठवडा, फाइल आणि शोधाला दोन, मुलाखत आणि निर्णयाला दोन, रिटला एक. मुलाखतीचे सत्र सलग दोन तासांचे लागते, तेवढी सोय आधी करून घ्यावी. वकिली शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांतल्या मूट कोर्ट आणि इंटर्नशिपच्या पेपरमध्ये मूटला ३० आणि मुलाखततंत्र व पूर्वतयारीला ३० गुण आहेत. हा सराव दोन्हींत बसवता येतो. गुण देताना सर्वाधिक भार लेखी निर्णयावर टाकावा, वक्तृत्वावर नव्हे.

वर्गात कोणाच्या घरात दंगल, पलायन, अटक यांचा इतिहास असू शकतो. भूमिका वाटण्यापूर्वी सगळ्यांना खासगीत, कारण न विचारता, नकार देण्याची मुभा द्यावी. लैंगिक अत्याचाराची फाइल या सरावात घेऊ नये. खऱ्या निर्वासिताला वर्गात बोलावून त्याच्याकडून अर्जदाराची भूमिका करवून घेऊ नये. मुलाखत संपली की अर्जदार आणि दुभाषा यांना दहा मिनिटे बाहेर पाठवून परत आपल्या नावाने बोलवावे. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण नव्वद मिनिटे संशयाने पाहिले गेल्यावर त्याची गरज लागते.

शेवटच्या तासाला पाकीट फोडावे. एकाच फाइलवर सहा गटांचे सहा निर्णय टेबलावर ठेवले की ते बहुधा सारखे नसतात. दोन विरुद्ध निर्णय निवडून नोंदणाऱ्यांच्या वह्यांतून मागे मागे जावे, वाटा जिथे फुटल्या तो प्रश्न किंवा तो अनुवाद सापडेपर्यंत. तो फळ्यावर लिहावा, आणि ज्याने विचारला त्यालाच तो आता नव्याने विचारायला सांगावे.